यंत्र, वर्ग आणि उद्याचा शिक्षक



अध्यापक विद्यालयात पाऊल टाकणाऱ्या बहुतेक छात्रांच्या हाती आज एक यंत्र असते. वीस-एकवीस वर्षांच्या या मुलामुलींना ते कसे चालवावे हे कोणी शिकविलेले नसते आणि शिकवावेही लागत नाही. प्रवेशाचा अर्ज त्यांनी मोबाइल फोनवरच भरलेला असतो, शिष्यवृत्ती जमा झाल्याचा संदेश त्याच्यावरच येतो, गावाकडे राहिलेल्या आईचा चेहरा रात्री त्याच्यावरच दिसतो. मग अशा पिढीतील भावी शिक्षकाला तंत्रज्ञानाचे वेगळे शिक्षण कशाला हवे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. परंतु यंत्र चालविता येणे ही एक गोष्ट आहे; चाळीस मुलांसमोर ते केव्हा सुरू करावे, केव्हा थांबवावे आणि ते बंद पडल्यास काय करावे हे उमगणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिली रोजच्या व्यवहारात आपोआप अंगवळणी पडते. दुसरी प्रयत्नपूर्वक शिकावी लागते. या दोहोंमधील अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी श्रोत्यांनी अशी एक छात्राध्यापिका डोळ्यांसमोर आणावी. ती कोणी एक विशिष्ट मुलगी नव्हे. देशभरच्या अध्यापक विद्यालयांतून तिच्यासारख्या हजारो मुली शिकत आहेत. ओडिशातील ढेंकानाल जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिचे घर आहे असे समजू या. प्राथमिक शिक्षणातील दोन वर्षांच्या पदविकेचा अभ्यास ती करीत आहे आणि लवकरच सराव पाठांसाठी तिला एका शाळेत जावयाचे आहे. ढेंकानालची निवड करण्यामागे कारण आहे. भारतातील खेड्यांत उपग्रहाद्वारे शिक्षणासाठी पडदा पहिल्यांदा उजळला तो ज्या मोजक्या जिल्ह्यांत, त्यांपैकी हा एक जिल्हा होय.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे पूर्ण एक वर्ष भारतात एक अपूर्व प्रयोग चालला. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने एका वर्षासाठी उसना घेतला आणि आंध्र प्रदेश, ओडिशा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याच्याद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी उघड्यावर उभी केलेली असे आणि संच बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवलेला असे. जेथे वीज नव्हती अशा काही खेड्यांत तो बॅटरीवर चाले. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. प्रत्येक भाषेच्या वाट्याला सुमारे बावीस मिनिटे येत. संध्याकाळी सर्व गाव जमे. आपल्या छात्राध्यापिकेची आजी त्या वेळी नुकतीच संसाराला लागलेली तरुण स्त्री होती. शाळेच्या अंगणात बसून पाहिलेली ती हलती चित्रे तिला अजूनही आठवत असतील, तर त्यात नवल नाही.

या प्रयोगाचे कौतुक करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उपग्रह असतो. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाचा भाग मात्र जमिनीवर होता. त्याच वर्षी प्राथमिक शाळांतील ४०,००० हून अधिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. हे शिक्षक केवळ दूरदर्शनसमोर बसून राहिले नाहीत. पडद्यावरील पाठाला रेडिओची जोड होती, छापील पुस्तिका होत्या, प्रत्यक्ष हातांनी करावयाचे प्रयोग होते आणि शंका विचारण्यासाठी एक मार्गदर्शकही होता. शिक्षकाला बाजूला सारून मुलांपर्यंत पोहोचता येणार नाही, ही जाणीव या आखणीच्या मुळाशी होती. पुढे करार संपला. उपग्रह उसना होता, तो परत गेला. आकाशातून येणारी चित्रे थांबली. त्यानंतर शाळेजवळ जे उरले, ते शिक्षकाने त्या वर्षात जे आत्मसात केले होते तेवढेच.

यानंतर दहा वर्षांच्या आतच दुसरे यंत्र आले. १९८४-८५ साली केंद्र शासनाने 'क्लास' या नावाची योजना सुरू करून सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो या जातीचे संगणक दिले. संगणकाची ओळख व्हावी हा हेतू उत्तम होता. परंतु आपल्याकडे महागड्या वस्तूचे जे होते, तेच अनेक ठिकाणी या संगणकांचे झाले. ते स्वतंत्र खोलीत गेले, खोलीला कुलूप लागले आणि किल्ली एका व्यक्तीच्या ताब्यात राहिली. गणिताचा शिक्षक गणित शिकवी, भूगोलाचा शिक्षक भूगोल शिकवी, आणि संगणक हा आठवड्यातून एकदा दर्शन घेण्याचा विषय होऊन बसला. यंत्र शाळेत येणे आणि ते वर्गात येणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे या कुलपाने दाखवून दिले.

आता त्या मुलीकडे वळू. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या तेव्हा ती माध्यमिक शाळेत होती. वर्ग मोबाइल फोनवर भरू लागले. तिच्या घरात असा फोन एकच होता आणि तो वडिलांचा होता. वडील कामावर निघाले की फोनही जाई. दिवसभरात आलेले पाठ ती रात्री पाही. पण तोवर शिक्षक निघून गेलेले असत. पाठ पुन्हा पुन्हा पाहता येई, पण त्याला प्रश्न विचारता येत नसे. भूमितीतील एक सिद्धता तिने चार वेळा पाहिली आणि चारही वेळा ती एकाच पायरीवर अडली, कारण पडद्यावरील गृहस्थ चारही वेळा तेच वाक्य त्याच सुरात म्हणत होते. धाकट्या भावाचे पाठही त्याच फोनवर येत. ते कोणी पाहिले, किती पाहिले, याचा हिशेब कोणाजवळही नव्हता.

तिचा हा अनुभव एकटीचा नव्हता. 'असर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत झालेली ही वाढ मोठीच म्हटली पाहिजे. परंतु त्याच पाहणीत असेही आढळले की, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून शिकण्याचे काही साहित्य मिळालेली मुले सुमारे एक-तृतीयांशच होती. म्हणजे यंत्र घरात पोहोचले तरी त्यामागोमाग शाळा पोहोचली असे झाले नाही. शिवाय घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हातात फोन असणे नव्हे, हे तर त्या मुलीच्या घरावरूनच दिसते.

याच काळातील दुसरी एक हकीकत भावी शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. झारखंडातील दुमका जिल्ह्यात एका गावी, बहुसंख्य मुलांजवळ फोन नाहीत हे पाहून शिक्षकांनी झाडांवर आणि भिंतींवर ध्वनिक्षेपक बसविले आणि गावभर पाठ ऐकू जातील अशी व्यवस्था केली. त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावात घरांच्या मातीच्या भिंतींवर काळे फळे रंगविण्यात आले. प्रत्येक मूल आपापल्या फळ्यासमोर अंतर राखून बसे आणि शिक्षक गल्लीतून फिरत शिकवीत. ध्वनिक्षेपक हे काही नवे यंत्र नव्हे. लग्नकार्यात आणि जत्रेत ते शंभर वेळा ऐकलेले असते. भिंतीवरचा फळा तर त्याहूनही जुना. परंतु या शिक्षकांनी आधी मुलांकडे पाहिले आणि त्यानंतर साधन निवडले. त्या वर्षी पुष्कळ ठिकाणी क्रम नेमका उलटा होता.

शाळेबाहेरचे जीवनही भावी शिक्षकाला यंत्राविषयी पुष्कळ काही शिकवीत असते, मात्र ते तसे ओळखता आले पाहिजे. आपल्या छात्राध्यापिकेची आजी शिधावाटप दुकानात जाते. तेथील लहानशा यंत्रावर बोट टेकवून ओळख पटवावी लागते. जन्मभर भाताची लावणी केलेल्या आणि भांडी घासलेल्या त्या बोटांवरील रेषा झिजून गेल्या आहेत. यंत्र ओळख नाकारते. दुकानदार तिला तीस वर्षे ओळखतो, रांगेतील प्रत्येकजण तिला ओळखतो, तरीही ती तेथे क्षणभर परकी ठरते. नात हात धुऊन, पुसून दुसरे बोट टेकवावयास सांगते, मग तिसरे. अखेर फोनवर आलेला सांकेतिक आकडा सांगून धान्य मिळते. घरी परतताना आजी म्हणते, "माझाच हात खराब झाला गं." मुलीला त्या वाक्याचे वाईट वाटते. चूक यंत्राच्या मर्यादेची होती, पण आजीने ती स्वतःच्या अंगावर घेतली.

या प्रसंगाचे मोल तिला काही महिन्यांनी, सराव पाठांच्या काळात कळते. चौथीच्या वर्गात ती मुलांना फोनवरील एक प्रश्नखेळ देते. चित्र पाहावयाचे आणि तीन पर्यायांपैकी एकावर बोट ठेवावयाचे, असा तो खेळ. 'हत्ती कोठे राहतो?' या प्रश्नाखाली जंगल, शेत आणि समुद्र असे पर्याय आहेत. एक मुलगा 'शेत' निवडतो. पडद्यावर लाल फुली उमटते, दोन मुले हसतात आणि तो मुलगा मान खाली घालतो. छात्राध्यापिका पुढच्या चित्राकडे जाणार इतक्यात तिला आजीची मान आठवते. ती खेळ थांबवून विचारते, "शेत का रे?" मुलगा सांगतो की, भात कापणीला आला तेव्हा हत्ती त्यांच्या शेतात आले होते आणि वडील रात्रभर टेंभा घेऊन जागत होते. ढेंकानालच्या परिसरात हत्तींचे कळप पिकात शिरणे ही शेतकऱ्याच्या नित्य काळजीची बाब आहे. वर्गातील निम्म्या मुलांपाशी अशी एक तरी गोष्ट असते. पुढची पंधरा मिनिटे हत्ती जंगल सोडून शेतात का येतात, याविषयी मुले बोलत राहतात. यंत्राने दिलेला निकाल चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. हत्तीचे घर जंगलच आहे. पण त्या उत्तरामागे एक विचार होता, आणि 'का' असे विचारणारे माणूस समोर नसते तर तो विचार लाल फुलीखाली गाडला गेला असता.

तिचा दुसरा पाठ पाण्याच्या बाष्पीभवनाचा आहे. शाळेला नुकताच एक मोठा दूरचित्रवाणी संच मिळालेला आहे. तिने सहा मिनिटांची उत्तम चित्रफीत निवडली आहे, पाठटाचण सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, आणि निरीक्षक म्हणून आलेले अध्यापक मागच्या बाकावर वही उघडून बसले आहेत. चित्रफीत सुरू होते. समुद्र, सूर्य, ढग, हिमशिखर! मुले डोळे विस्फारून पाहत राहतात. दुसऱ्या मिनिटाला वीज जाते.

प्रत्येक शिक्षकाच्या उमेदवारीत असा एक क्षण येतो. यंत्र थांबलेले असते, मुले बघत असतात आणि पाठटाचणात पुढचे वाक्य नसते. ती थोडी गोंधळते. मग एका मुलीची पाटी घेऊन ती ओल्या फडक्याने पुसते. दुसरी पाटीही तशीच पुसते. एक उन्हात ठेवविते, दुसरी सावलीत. कोणती आधी सुकेल? प्रत्येकाचे मत असते. मुले पायरीवर ओणवी होऊन पाहू लागतात. उन्हातली पाटी कडेकडेने फिकी होत जाते. एक मुलगा सावलीतल्या पाटीला वारा घालून तिला जिंकविण्याचा प्रयत्न करतो, आणि वाऱ्याचाही यात काही हात असतो हे कोणी न सांगता वर्गाला कळते. "पाणी गेले कुठे?" हा प्रश्न शिक्षिकेच्या आधी एक मुलगीच विचारते.

अर्ध्या तासाने वीज येते. चित्रफीत पुन्हा लावली जाते. पहिल्या खेपेला गप्प असलेली मुले आता मध्येच "थांबवा, थांबवा" म्हणतात. समुद्र हीच एक मोठी ओली पाटी आहे, असे एकजण सांगतो. हिमशिखर त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेले नाही आणि ते गावात आणून दाखविणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. तेथे पडद्याचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. पण जे पायरीवर घडते, ते पडद्यावर दाखविण्यात मुलांचा तोटाच होतो.

ही रीत त्या मुलीने शोधून काढली असे नव्हे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी त्याचा आरंभ केला; १९७८ साली तो सबंध जिल्ह्यात पसरला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. येथे मुले लहान लहान गटांत बसून स्वतः प्रयोग करीत. साधने अगदी सामान्य असत. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी बाभळीचा काटासुद्धा चाले. याच वातावरणात, १९७८ मध्ये, अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्यातील खगोलशास्त्राच्या 'आयुका' या संस्थेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनविली, आणि त्यांच्या चित्रफिती इंटरनेटवरून सर्वदूर पोहोचल्या. जुने आणि नवे साधन एकमेकांचे वैरी नसतात, हे त्यांच्या कामावरून स्पष्ट होते. होशंगाबादच्या शिक्षकांची मात्र दर महिन्याला बैठक होत असे. काय जमले आणि काय फसले याची तेथे मोकळेपणाने चर्चा चाले. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तरीही शिक्षकाला यंत्रापेक्षा अशा बैठकीची गरज अधिक असते, हा त्याचा धडा बंद झालेला नाही.

२०२२ च्या अखेरीपासून आणखी एक साधन छात्रांच्या हाती आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय आणि इयत्ता सांगितली की क्षणार्धात संपूर्ण पाठटाचण तयार होऊन समोर येते. वसतिगृहात रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशीच्या तीन पाठांची चिंता असताना, हा मोह आवरणे सोपे नाही, आणि आपल्या छात्राध्यापिकेलाही तो एकदा आवरत नाही. मिळालेले टाचण निर्दोष असते. उद्दिष्टे, कृती, मूल्यमापन सारे यथास्थित. मात्र त्यात मुलांना प्रयोगशाळेत नेण्याची सूचना असते, आणि त्या शाळेत प्रयोगशाळा नाही. त्यात पाटी नसते, कारण त्या वर्गात पाट्या आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हत्ती तर नसतोच. दुसऱ्या खेपेस ती आधी स्वतःच्या वर्गाविषयी दोन पाने लिहिते आणि मग त्या साधनाला विचारते. उत्तर पूर्वीपेक्षा बरे येते. परंतु तोवर तिच्या लक्षात आलेले असते की, खरे पाठटाचण त्या दोन पानांतच उतरलेले आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली शिक्षणशास्त्राच्या पदवीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला तेव्हा त्याच्या आराखड्यात माहिती-तंत्रज्ञानाचे 'चिकित्सक आकलन' अपेक्षिले होते. 'चिकित्सक' हा शब्द तेथे शोभेसाठी आलेला नाही. तरीही अनेक विद्यालयांत या विषयाची परीक्षा म्हणजे कोणती कळ दाबली असता काय घडते, एवढीच राहते. जे छात्राला आधीच येते तेच त्याला शिकवावयाचे आणि जे येत नाही त्याला हात लावावयाचा नाही, असा हा प्रकार आहे. त्याऐवजी प्रत्येक सराव पाठाच्या टाचणात चार साधे प्रश्न लिहून काढण्याची सवय लागली तर पुष्कळ साधेल. जे दाखवावयाचे ते गावातच प्रत्यक्ष पाहता येईल काय? यंत्र सुरू करण्यापूर्वी मुलांनी काय केलेले असेल आणि ते बंद झाल्यावर काय करतील? वीज गेली तर पाठ कोणत्या मार्गाने जाईल? आणि या यंत्रामुळे वर्गातील कोणते मूल मागे राहण्याचा संभव आहे?

या चार प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण जे मूल मागे राहते ते बहुधा तक्रार करीत नाही. महासाथीनंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा वर्गात काही जागा रिकाम्या होत्या. त्या मुलीच्या शेजारी बसणारी मैत्रीण परत आली नाही; तिच्या घरी फोन नव्हता, आणि दरम्यान तिचे लग्न ठरले होते. ही आठवण त्या छात्राध्यापिकेने कोणत्याही टाचणात लिहिलेली नाही. परंतु सराव पाठ संपल्यावर ती दररोज हजेरीपट उघडते आणि त्या दिवशी कोण बोलले नाही, कोणाचे बोट पडद्यापर्यंत पोहोचले नाही, त्या नावांपुढे पेन्सिलीने एक बारीक खूण करते. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्यांच्यापैकी एकाला असतो.